पाडव्याआधी फटफटी

२४ ऑक्टोबर, दसरा

आज फटफटीची पूजा केली आणि लगेच तिला झोपवूनही टाकलं. पुढच्या आठवड्यात बर्फ सांगितलाय, म्हणजे आता मार्चपर्यंत मुक्काम गराजमध्ये. जून-जुलैत क्लास करून लायसन्स काढलं, ऑगस्टमध्ये ही घेतली आणि जेमतेम दोन महिने चालवायला मिळाली. या परदेशी गावाच्या, नोव्हायच्या हवेला काय म्हणायचं. जपानी आहे, जुनी, माझ्या लग्नाच्या आसपासची. माझा नवरा, रवी, तिला म्हैस म्हणतो. म्हणू दे. सांगलीला आमच्या बाबांची फटफटी होती, ती चालवायचे माझे भाऊ आणि पुसायचे मी. ही मी चालवते आणि पुसतेही मीच.

पूजेला शेजारच्या सुमित्रामावशी आल्या होत्या. ऐंशी पार झाल्यात, लेकाकडे राहतात, पण हौस बघावी तर त्यांची. टाकीच्या टोपणावर स्वस्तिक काढायला घेतलं तर त्या चकचकीत स्टीलवर कुंकू ठरेचना. मावशी म्हणाल्या, "अगं, कपाळाला लावतो तसं लाव की. आधी मेण, मग कुंकू." त्यांच्या करंड्यात मेणाची डबी असतेच. मग मेण बोटावर घेऊन चांगलं दाबून दाबून टोपणभर चोळलं आणि वर कुंकू लावलं. असं बसलंय म्हणून सांगू. फोटो लेकीला, सियाला पाठवला. तिने तिच्या गावाहून, बॉथेलहून हृदयं पाठवली आणि विचारलं, व्हॉट इज फटफटी.

आपट्याची पानं इथे कुठली, हँडलला मेपलचं पान खोचलं. रवीने पेट्रोल टिकण्याचं औषध टाकीत ओतलं आणि बॅटरी काढून घरात नेली. मी काही सांगितलं नव्हतं, उगाच लुडबुड. पूजेचं लगेच पुसायचं नसतं, म्हणून तसंच ठेवून वर जुनी चादर घातली.

३० मार्च, शनिवार

चादर काढली. कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, स्वस्तिक गेलं, जरा लालसर राहिलं कडेला. बॅटरी बसवली. बटण दाबलं, दुसऱ्याच दाबाला चालू. मी गराजमध्येच नाचले.

मग बाहेर काढली. आपल्या कॉलनीच्या क्लबहाउसच्या वळणापर्यंत झकास गेली. तिथे एक उचकी, दुसरी उचकी, आणि बंद. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. एक म्हातारा कुत्रा फिरवत होता, तो थांबून बघत बसला. कुत्राही बसला. शेवटी पेट्रोलच संपलं की काय म्हणून टोपण उघडलं, तर आतून चांगला फुस्सकन सुस्कारा टाकला तिने. माझ्यासारखीच दमलीय बिचारी. आत पेट्रोल पुष्कळ होतं. टोपण लावलं, बटण दाबलं, तर लगेच सुरू. घरी आले.

चार-पाच महिने झोपून उठल्यावर कुणालाही सुचत नाही, तसंच असेल. उद्या ठीक होईल.

३१ मार्च, रविवार

ठीक झालेली नाही. त्याच वळणावर, त्याच म्हाताऱ्यासमोर. थोडा दम खाऊ दिला, पेट्रोल बघितलं, चालू झाली. घरी येईपर्यंत पुन्हा उचक्या.

त्यात संध्याकाळी रेणूचा फोन. रेणू आमच्या मंडळाची यंदाची अध्यक्ष. तेरा तारखेला पाडव्याची शोभायात्रा आहे, शाळेच्या पार्किंग लॉटला दोन फेऱ्या आणि मग हॉलमध्ये. सर्वांत पुढे नऊवारीतली पद्मिनी, मोटरसायकलवर, मागे ध्वज, मागे ढोल, असं तिने फ्लायरवर छापूनही टाकलंय. जानेवारीत मीच म्हटलं होतं तिला. म्हणाली, "पद्मिनीताई, गाडी कंडिशनमध्ये आहे ना? नाहीतर मनोहरकाकांची कन्व्हर्टिबल आहे बॅकअपला." उघड्या टपाची कार, बॅकअप म्हणे.

रवी हे ऐकत होता. म्हणाला, "ढोलाच्या पुढे चालत्या माणसाच्या स्पीडने न्यायचीय तिला. अर्धा तास. क्लबहाउसपर्यंत जात नाही ती. आणि उद्या टेन माइल रोडवर ट्रकच्या पुढ्यात बंद पडली तर?" मग नेहमीचं. तो म्हणाला, वय बघ. मी म्हटलं, तुझं बघ. तो म्हणाला, नकुल केव्हापासून मागतोय, त्याला देऊन टाक. नकुल म्हणजे रवीच्या ऑफिसातला पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअर बघतो तिथे. सप्टेंबरपासून माझ्या फटफटीवर डोळा आहे त्याचा.

आणि मी काय बोलून बसले? म्हणाले, "पाडव्याच्या दिवशी लायब्ररीपर्यंत जाऊन न थांबता परत आले नाही, तर ने म्हणावं नकुलला." रवी म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." हे तोंड एक दिवस मला विकून खाणार आहे. पाडवा नऊ तारखेला आहे.

१ एप्रिल

दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून आज लवकर सुटले. आमच्या डेंटिस्टबाईंना म्हटलं, दात माझा दुखतोय. एप्रिल फूल.

सगळ्या व्हिडिओंत पहिलं हेच सांगतात की हिवाळ्यातलं जुनं पेट्रोल काढून टाका. काढलं. ताजं काठोकाठ भरलं. गराजमध्ये सोन्यासारखी चालली. रस्त्यावर नेली, तर आज क्लबहाउसदेखील आलं नाही, त्याच्या अलीकडेच बंद. टाकी भरल्यावर आणखी लवकर बंद पडते, हा कुठला न्याय? अर्धपोटी होती तेव्हा बरी चालत होती. मागच्या जन्मी ही माझी जाऊ होती बहुतेक.

ढकलत होते तर मागून रवीची कार आली. काच खाली करून म्हणाला, "दूध आणायला निघालोय." काल तर आणलं होतं.

३ एप्रिल

पाऊस आणि वारा. आज प्लग. पाना जिथे जायला पाहिजे तिथे माझा हात जात नाही, मी बसते तिथून डोळे पोचत नाहीत. तरी काढले दोन्ही. काळे झाले होते, नवे घातले. सियाला व्हिडिओवर दाखवत होते, ती ओरडली, "आई, डोन्ट फोर्स इट, हाताने आधी फिरव." बरोबर होतं तिचं. एवढं मराठी येतं तिला, जेव्हा आईचं चुकत असतं तेव्हा.

पाऊस जरा थांबल्यावर नेऊन बघितली. बंद. रवी दूध आणायला निघाला होता, वाटेत भेटला. पावसात. फ्रिजमध्ये आता दुधाचे तीन गॅलन आहेत आणि घरात माणसं दोन. विसरायला लागलाय का हा? सियाला सांगू का? आधी दुधाचं बघते. एक गॅलन तापवून विरजण लावलं.

आणखी एक. टायरमध्ये हवा भरायची म्हणून गेज लावला तर हवा अगदी पुस्तकात लिहिलीय तेवढी. पाच महिने उभ्या गाडीची हवा कशी टिकली? जपानी टायर चांगले असतात.

५ एप्रिल, शुक्रवार

नकुल स्वतःहून आला. "काकू, कार्ब जाम झाला असणार. उद्या आपण उघडू." हातात स्प्रेचा डबा, डोळ्यांत चमक. मी मनात म्हटलं, बरोबर, उद्या तुझ्याच घरी जायचीय ना ती, आत्तापासून साफसफाई चाललीय. की उघडून ठेवायची आणि जोडायचीच नाही, असा बेत आहे? नजर ठेवली पाहिजे.

विरजण मस्त लागलंय. एवढ्या दह्याचं काय करू? चक्का टांगावा झालं.

६ एप्रिल, शनिवार

दिवसभर कार्ब्युरेटर. पोळ्यांच्या परातीत एकेक भाग मांडला, नकुलने प्रत्येकाचा फोटो काढला. काड्यांसारख्या बारीक नळ्या, त्यांतली छिद्रं केसाएवढी. तो स्प्रे मारायचा, मी उजेडाकडे धरून बघायची. म्हटलं तर घाण फारशी नव्हतीच. त्याने एक स्क्रू इकडचा तिकडे ठेवला नाही. मी डोळ्यात तेल घालून बसले होते, तरी सापडलं नाही काही.

रवी दर थोड्या वेळाने येत होता. चहा पाहिजे का, खुर्ची पाहिजे का, पंखा लावू का. शेवटी मी म्हटलं, तू आत जा. हा दहा वर्षं इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या करतो, पेट्रोलचा वास विसरलाय. गेला, पण चेहरा पाडून. मदत करायची नाही आणि रागवायचं मात्र आधी.

चार वाजता जोडून झालं. आवाज काय सुंदर. नकुल म्हणाला, "काकू, मक्खन." मी हेल्मेट घातलं आणि निघाले. क्लबहाउस ओलांडलं. मनात म्हटलं, जिंकले. पुढच्या स्टॉप साइनला उचकी. दुसरी उचकी.

मी तिथेच गवतावर बसून रडले. खरंच रडले. हेल्मेटच्या आत रडलं की नाक पुसता येत नाही. नकुल धावत आला, टोपण उघडून पेट्रोल बघितलं आणि म्हणाला, "काकू, पेट्रोल तर आहे." ते मला माहीत आहे रे बाबा. मग बटण दाबलं तर चालू, नेहमीप्रमाणे. परत येताना म्हणाला, "काकू, मला अशी नको ही. म्हणजे तुमचीच आहे ती." आता नावं ठेवायला लागलाय. नकोशी झालीय म्हणजे नक्की काहीतरी मोठं बिघडलंय.

हरले असं लिहायला हात होत नाही. पण काय राहिलंय आता? पेट्रोल झालं, प्लग झाले, कार्ब झाला. मोठ्या गराजमध्ये न्यायची तर ते म्हणे पंधरा दिवस बघणारच नाहीत, सगळ्यांच्याच गाड्या आत्ता झोपून उठल्यात.

८ एप्रिल, सोमवार

आज सूर्यग्रहण, जवळजवळ खग्रासच. अर्धं नोव्हाय पुरतं खग्रास बघायला टोलीडोकडे गेलंय. आम्ही कॉलनीतली मंडळी कागदी चष्मे लावून ड्राइव्हवेत उभी. सगळं करडं झालं, पाखरं गप्प झाली. सुमित्रामावशी घराबाहेर आल्या नाहीत, खिडकीतून ओरडल्या, "पद्मिनी, आज त्या गाडीला हात लावू नकोस." लावलाच नाही. लावून काय करू?

रवी म्हणाला, "उद्या नाही झालं तर नाही झालं. मी नकुलला काही बोललेलो नाही." मी म्हटलं, दया नको. मी बोलले ते बोलले. उद्या संध्याकाळी नकुलला मीच फोन करणार.

मला खूप वाईट वाटतंय. वळणावर ती झुकते ना, तेव्हा पोटात जे होतं ते गेल्या कित्येक वर्षांत कशाने झालं नव्हतं. ते आता नकुलच्या पोटात होणार.

चक्क्याचं पाणी पार निथळलंय. उद्या आम्रखंड करते. सण आहे, रडत बसून कसं चालेल.

९ एप्रिल, पाडवा

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सकाळी डेकवर गुढी उभारली. जरीची साडी, तांब्या, गाठी. मग आम्रखंडाला बसले. डबा कापायचं यंत्र बिघडलेलं, ओट्यावर शनिवारपासून स्क्रूड्रायव्हर पडला होता, त्यानेच आमरसाच्या डब्याला एक भोक पाडलं आणि रवीच्या हातात दिला, म्हटलं ओत. त्याने उलटा धरला. एक थेंब, दुसरा थेंब, आणि बंद. हलवला. तरी बंद.

रवी म्हणाला, "आणखी एक भोक पाड ना. हवा कुठून जाणार आत? हवा गेल्याशिवाय रस बाहेर कसा येईल?"

मी दुसरं भोक पाडलं. डब्याने फुस्स केलं. आणि भळाभळा रस.

तो आवाज. तोच आवाज, टोपण उघडल्यावरचा. मी तशीच उभी. मग रवीला उलट्या डब्यासकट तिथेच सोडून गराजमध्ये पळाले. तो मागून ओरडतोय, "पद्मिनी, किती ओतू?" सगळा ओतला त्याने. आम्रखंड भयंकर पातळ झालंय.

टोपण काढलं, चष्मा लावला. किल्लीच्या भोकाशेजारी बारीक लाल ठिपका. इतके दिवस मला वाटत होतं, कंपनीनेच रंगवलाय. पदराची सेफ्टी पिन काढून टोचली, तर आतून लाल मेणाची शेवई निघाली. दसऱ्याचं मेण-कुंकू. टाकीला श्वास घ्यायला ठेवलेलं छिद्र मी स्वतःच्या हाताने, दाबून दाबून, मंत्र म्हणत बुजवलं होतं. पेट्रोल खाली जात होतं, वरून हवा आत येत नव्हती, म्हणून थोड्या वेळाने इंजिनचा घसा कोरडा. टाकी भरली की आत हवाच कमी, म्हणून आणखी लवकर. पेट्रोल बघायला टोपण उघडलं की हवा आत जायची आणि बया चालू. दम खायची म्हणे. दम कोंडलेला होता तिचा.

टोपण गरम पाण्यात बुडवलं, मेण पार काढलं, फुंकून बघितलं. आरपार. रवी दारात उभा, हाताला आमरस. मी सांगितलं. तो जो हसायला लागला, तो फ्रीजरला टेकून खालीच बसला. मग टोपण हातात घेऊन स्वतःही फुंकून बघितलं.

साडी बदलली, जॅकेट, हेल्मेट. क्लबहाउस गेलं. म्हातारा आणि कुत्रा होते, दोघांना हॉर्न दिला. स्टॉप साइन गेली. टेन माइलला लागले, खड्डे चुकवत, लायब्ररी आली, आणि मला थांबायचंच नव्हतं, म्हणून पुढच्या ग्रँड रिव्हर रोडपर्यंत गेले. एक उचकी नाही. हेल्मेटमध्ये मी काय काय ओरडत होते ते लिहीत नाही, सिया कधी वाचेल.

घरी आले तर मागोमाग रवीची कार. उतरला, हातात दुधाचा गॅलन.

मी म्हटलं, "अरे, आजसुद्धा?"

म्हणाला, "रिकाम्या हाताने आलो असतो तर विचारलं असतंस कुठे गेला होतास."

आत्ता कळलं मला. सगळं दूध आत्ता कळलं. टायरची हवासुद्धा. मी त्याला विसरभोळा समजत होते आणि हा रोज माझ्या मागे, ट्रक आणि मी यांच्यामध्ये स्वतःची कार घालून. इतकी वर्षं संसार करून माणूस कळत नाही म्हणजे कमाल आहे माझी. त्याच्याशी किती वाईट वागले आठवडाभर. पातळ आम्रखंडाची पहिली वाटी त्याला दिली. तो म्हणाला, पिऊ की खाऊ.

संध्याकाळी नकुलला फोन केला. म्हटलं, देणार नाही रे, पण चालवायला ये हवं तेव्हा. तो इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्याची आनंदाची ओरड होती. म्हणजे तो खरंच मदत करत होता. आज दोन माणसं कळली.

मावशींना मेणाचं सांगितलं नाही. एवढ्या हौसेने करंडा उघडला होता त्यांनी.

१३ एप्रिल, शनिवार

थंडी, पण ऊन. नऊवारीच्या आत थर्मल, वर शाल, पायांत बूट. नाकात नथ, आणि त्यावर हेल्मेट बसवताना अर्धा घाम निघाला. पार्किंग लॉटमध्ये दीडशे-दोनशे माणसं. मनोहरकाका कन्व्हर्टिबल घेऊन कोपऱ्यात सज्ज. त्यांना नमस्कार केला.

ध्वज धरायला मागच्या सीटवर रेणूने कुणाला तरी ठरवलं होतं, पण बघते तर रवी चढतोय. फेटा बगलेत, डोक्यावर सियाचं जुनं सायकलचं हेल्मेट. म्हटलं, "आज कार नाही?" म्हणाला, "दूध पुरे झालं आता. चल."

तेवढ्यात सुमित्रामावशी गर्दीतून वाट काढत आल्या. हातात करंडा. "थांब गं, निघायच्या आधी गाडीला लावू दे." मेणाची डबी उघडून बोट भरून थेट टाकीच्या टोपणाकडे. रवीचा मागे श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी झटकन हेल्मेट काढलं आणि कपाळ पुढे केलं. "मावशी, मला लावा ना आज. तुमच्या हातचं." त्यांचे डोळेच भरून आले. किती वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं म्हणे. चांगलं दाबून लावलं.

मग ढोल. पुढे मी, मागे रवी आणि ध्वज, बाजूला नकुल झांजा घेऊन. अगदी चालत्या माणसाच्या स्पीडने. पहिली फेरी. दुसरी फेरी. लोकांनी तिसरी मागितली, तीही दिली. म्हैस एकदाही थांबली नाही. माझ्या कमरेला रवीचा एक हात होता, तोही एकदा सुटला नाही.

हॉलच्या दारात उतरून हेल्मेट काढलं. मावशींनी माझी हनुवटी धरून कपाळ बघितलं आणि आजूबाजूच्या बायकांना दाखवत म्हणाल्या, "बघितलंत? हेल्मेट घालून एवढं फिरली, पण जागचं हललं नाही. मेण असं असतं."

मी म्हटलं, "खरंय मावशी. काही केल्या हलत नाही."

मागे रवी ध्वजासकट वाकून हसत होता आणि का ते कुणालाच कळत नव्हतं.